परत येण्याचा पुरावा

माझा व्हिसा पहिल्यांदा नाकारला गेला तो एका वाक्यात. टेबलापलीकडच्या अधिकाऱ्यानं माझे कागद एकावर एक नीट लावले, माझ्याकडे सरकवले आणि म्हणाला, "परत येण्यासारखं तुमचं इथे काही आहे, असं मला दिसत नाही." त्याचा आवाज चढलेला नव्हता. बोलण्यात चांगली सभ्यता होती, आणि मला सगळ्यांत जास्त राग आला तो त्या सभ्यतेचा.

हे एकोणीसशे सत्तावन्न साल. मी तेव्हा वाशीमला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. घर रिठदला. आम्ही शेतकरी, जमीन भरपूर, विहिरीला पाणी, दाराशी बैलजोड्या. बाबांनी मला नागपूरला ठेवून बी.एस्सी.पर्यंत शिकवलं, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी त्यांच्याबद्दल जे लिहिणार आहे ते वाचून कुणी त्यांना अडाणी किंवा दुष्ट समजू नये. ते दोन्ही नव्हते. तसे असते तर मला इतका राग आला नसता.

मला ज्वारीच्या रोगांचा अभ्यास करायचा होता. आमच्याकडे ज्वारीवर काणी पडते. कणीस वरून चांगलं दिसतं आणि चोळून पाहिलं तर दाण्याच्या जागी काळी भुकटी निघते. नागपूरला मी ती भुकटी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. परदेशातल्या एका विद्यापीठात यावर काम करणारे प्राध्यापक होते. त्यांना मी पत्र लिहिलं, त्यांचं उत्तर आलं, आणखी पत्रं झाली. शेवटी दोन वर्षांसाठी प्रवेश मिळाला, आणि प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून राहण्याजेवण्यापुरतं विद्यावेतनही. जहाजाच्या भाड्याची सोय नागपूरच्या एका शिष्यवृत्तीतून झाली. त्या देशाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तसेच नियम पुढे मी इतक्या देशांचे पाहिले की एकट्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

पासपोर्टापासूनच कुरबुर सुरू झाली. मी सज्ञान होते, स्वतः कमावत होते, तरी लग्न झालेलं नाही म्हणून बाबांची संमती मागितली. त्यांनी सही केली. मग चौकशीला पोलीस जमादार सायकलवर गावात आला. त्यानं पोलीसपाटलाला विचारलं, काकांना विचारलं, दुकानदाराला विचारलं. मुलीची चालचलणूक कशी, कुणाची पत्रं येतात, कोणत्या पक्षाच्या सभेला जाते का. मी ओसरीवर बसून होते. मला त्यानं एक शब्द विचारला नाही. जाताना बाबांना म्हणाला, "पोरगी चांगली हाये म्हनतात सगळे. मंग इतक्या दूर कायले धाडता?"

पासपोर्ट आला. मग व्हिसा. त्यासाठी बाबा आणि मी मुंबईला गेलो. वाशीमहून छोट्या गाडीनं अकोला, तिथून मोठ्या गाडीनं पुढे. बाबांनी नवा कोट शिवून घेतला होता. वकिलातीच्या बाहेरच्या खोलीत त्यांना बसवून ठेवलं आणि मला आत बोलावलं.

मला वाटलं होतं, अभ्यासाबद्दल विचारतील. मी पूर्ण तयारी करून गेले होते. प्राध्यापकांची पत्रं, गुणपत्रिका, शाळेचा दाखला, छातीचा एक्स-रे, देवी टोचल्याचा कागद, सगळं लावून नेलं होतं. अधिकाऱ्यानं ते भराभर उलटलं. अभ्यासाशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्याचा नियम वेगळाच होता, आणि तो त्यानं मला समजावून सांगितला. शिकायला येणारा प्रत्येक परदेशी माणूस तिथेच राहून जाण्याच्या इराद्यानं येतो, असं कायदा धरून चालतो. तसा इरादा नाही, हे ज्याचं त्यानं सिद्ध करायचं.

म्हणजे मी खोटारडी आहे, इथून सुरुवात. ती नाही, हे मी दाखवायचं. आणि दाखवायचं कसं, तर माझ्या बोलण्याला काही किंमत नाही. माझ्या मालकीच्या वस्तूंना आहे.

"लग्न झालंय?" त्यानं विचारलं.

"नाही."

"ठरलंय?"

"नाही."

"तुमच्या नावावर घर, जमीन?"

"आमची पुष्कळ शेती आहे. घर आहे."

"आमची नको. तुमच्या नावावर?"

"वडिलांच्या नावावर आहे. काही मोठ्या भावाच्या."

"नोकरी?"

"आहे. पण दोन वर्षांसाठी जायचं म्हणजे राजीनामा द्यावा लागेल."

"म्हणजे नोकरीही राहणार नाही." त्यानं पेन खाली ठेवलं. "मग परत कशासाठी याल?"

मी म्हणाले, "माझी आई तिथे आहे. माझं गाव आहे. ज्या पिकाचा अभ्यास करायला जातेय ते तिथे आहे."

त्यानं मान हलवली, समजल्यासारखी. आणि मग ते वाक्य म्हणाला.

बाहेर आले तर बाबा उठून उभे राहिले. "काय म्हने?"

"म्हणतो, माझं इथे काही नाही."

बाबा असे भडकले की शेजारच्या बाकावरची माणसं वळून पाहायला लागली. "काही नाई म्हंजे? आपली शेती सांगतली नाई का त्याले? बांधापासून नाल्यापावतर आपलंच हाये म्हनाव. यिऊन पाह्य म्हनाव."

"सांगितलं बाबा. तो म्हणाला, ते तुमचं. माझं काय, ते विचारत होता."

बाबा बसले. कोटाचं बटण लावलं, काढलं. परतीच्या सबंध प्रवासात ते माझ्याशी बोलले ते दोनदाच: एकदा चहा घेतेस का म्हणून, आणि अकोल्याला गाडी बदलताना.

त्या प्रवासात मी मनातल्या मनात त्या अधिकाऱ्याला नाही नाही ते बोलून घेतलं. हा कोण माझं काय आहे आणि काय नाही हे ठरवणारा? माझ्या घरी मला काय कमी आहे? खिडकीबाहेर काळी रानं पळत होती आणि मी त्याच्याशी भांडत होते. रिठदला पोचेपर्यंत भांडणात माझीच बाजू बरोबर होती.

घरी आल्यावर मी सरळ उपाय सुचवला. ओसरीवर बाबा, दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, आणि काका बसले होते. आई दाराच्या आत तांदूळ निवडत होती. मी म्हणाले, "नाल्याकडचं वावर माह्या नावावर करून द्या. तेवढं दाखवलं की काम होते. सत्र सुरू व्हायला अजून वेळ हाये."

नाल्याकडचं वावर म्हणजे आमच्या जमिनीतला लहानसा तुकडा, त्यातही अर्धं खरबाड. दरवर्षी कसं तरी हरभऱ्याचं पीक निघायचं.

"नावावर कायले पाह्यजे?" दादा म्हणाला. "आपलं हायेच ना ते. तुहं नाई असं कोनी म्हनते का?"

"तो माणूस म्हनते."

"त्याले काय समजते?"

"दादा, त्याले नाई समजत म्हणूनच कागदावर पाह्यजे. मले जमीन नको. दोन वर्सांसाठी नाव पाह्यजे."

दादानं काकांकडे पाहिलं. त्या वेळी मुलींना वारसाहक्क देणारा कायदा नुकताच झाला होता. गावात त्याचं नाव कुणी काढलं की पुरुषमाणसं खाकरायची आणि विषय बदलायची. काका खाकरले. मग म्हणाले, "नाव एकदा चढलं का उतरत नाई, बाई. उद्या तुहं लगन होईन. जावई म्हनन, हे माह्या बायकोचं वावर. मंग?"

"मंग काय?"

"मंग आपल्या रानात पराया मानूस."

मी बाबांकडे पाहिलं. मुंबईत ज्यांचा आवाज चढला होता ते बाबा आता पायाच्या अंगठ्याकडे पाहत होते. "इचार करू," ते म्हणाले. "घाई काय हाये?"

तेव्हा मला एकदम कळलं की तो वकिलातीतला माणूस बरोबर बोलला होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. जन्मात मला न पाहिलेल्या माणसाला चार प्रश्न विचारून जे दिसलं, ते मला या घरात वाढूनही दिसलं नव्हतं. दोघंही मला तेच सांगत होते. त्यानं इंग्रजीत सांगितलं, यांनी वऱ्हाडीत. त्याचा राग करायला मला जागा तरी होती. यांच्या घरात मी जेवत होते.

उपाय काकांनी काढला. लग्न. नवरा इथे असला म्हणजे बायको परत येणार, हे तर त्या साहेबालाही पटेल. लग्न करायचं आणि जायचं. काकांना हा तोडगा इतका आवडला की त्यांनी त्याच आठवड्यात कामरगावचं एक स्थळ आणलं. मुलगा पदवीधर, अकोल्याला सरकारी कचेरीत कारकून. मी नाही म्हणाले. आई म्हणाली, "पाह्यले काय जाते?" तिच्या आवाजात इतकी काकुळती होती की मी पोहे घेऊन बाहेर गेले.

मुलाचे वडील कापसाचे मोठे शेतकरी, धिप्पाड. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि काकांना विचारलं, "म्हंजे लगन लागलं का पोरगी दोन वर्सं जानार?"

"व्हय. अन् मंग येनार."

"अन् तोवर आमच्या घरी कोन राह्यन?"

काका म्हणाले, "नाव राह्यन ना. सून म्हनून नाव राह्यन."

त्यावर ते गृहस्थ इतके मोठ्यानं हसले की चहा सांडला. मला त्या माणसाचा राग आला नाही. त्या ओसरीवर निदान तो एकटा खरं बोलत होता.

मुलाला माझ्याशी एकट्यानं बोलायचं होतं. दाराशी उभं राहून बोलू दिलं. सडपातळ होता, सारखा चष्मा पुसत होता. त्यानं विचारलं, "तिथं नवऱ्याला पण नेता येतं का? तसा नियम असेल ना?"

"असेल. मला माहीत नाही."

"मग आपण दोघं जाऊ. मलाही इथं नाही राहायचं." मग आवाज खाली करून म्हणाला, "परत यायलाच पाहिजे असं काही नाही."

मी परत यावं म्हणून मला ज्या खुंट्याला बांधायचं होतं, तो खुंटाच माझ्याबरोबर निघायला तयार होता. मी आत जाऊन आईला म्हणाले, "यांना सांग, जमत नाही." काकांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

मग एके दिवशी दादाच म्हणाला, चल वाशीमला, नाल्याकडच्या वावराचं करून टाकू. बाबाही निघाले. मला खरंच वाटलं, यांना उमगलं. रस्ताभर मी दादाशी किती गोड बोलले ते आठवलं की आजही अंगाचा तिळपापड होतो. रजिस्ट्री कचेरीच्या आवारात लिंबाखाली दस्त लिहिणारा बसला होता, त्यानं कागद तयारच ठेवले होते. पहिला वाचला: बाबा मला वावर बक्षीस देतात. ठीक. मग त्यानं दुसरा हातात घेतला.

"हा कायचा?" मी विचारलं.

"थो असाच," दादा म्हणाला. "दोन्ही संगं करा लागते."

"वाचा," मी दस्त लिहिणाऱ्याला म्हणाले.

त्यानं दादाकडे पाहिलं. दादा दुसरीकडे बघायला लागला. त्यानं वाचलं. त्यात मी ते वावर दादाला परत लिहून देत होते. तेवढंच नव्हतं. वडिलांच्या बाकी मिळकतीत माझा आज किंवा पुढे कधी काही हिस्सा निघालाच, तर तोही मी राजीखुशीनं सोडत होते. तारखेची जागा रिकामी होती, व्हिसा मिळाल्यावर भरण्यासाठी.

"राजीखुशीनं," मी म्हणाले.

"तूच म्हनली होती ना," दादा म्हणाला, "जमीन नको, नुसतं नाव पाह्यजे."

"मी दोन वर्सांचं म्हनली होती. हे तर जलमभराचं हाये."

"मंग तुले पाह्यजेच हाये म्हन ना जमीन. तेच बोल ना सरळ."

आवारातली माणसं बघायला लागली होती. मी बाबांना विचारलं, "तुमाले हे माहीत होतं?"

बाबा म्हणाले, "घरात भांडन नको, म्हनून." आणि पुढे, "तू सही कर अन् जा. तुहं काम होते, त्याचं समाधान होते."

तोपर्यंत मला ती जमीन नको होती, हे देवाशपथ खरं आहे. लिंबाखाली उभं राहून, तो कागद ऐकताना, मला ती पहिल्यांदा हवी झाली. नाल्याकडचा तुकडाच नाही, जे काय माझं निघेल ते सगळं. मी म्हणाले, "दोन्ही कागद फाडा." आणि तिथून निघाले.

घरी जायचं नव्हतं. सुट्टी संपून शाळा सुरू झाली होती, म्हणून शाळेत गेले. आमच्या मुख्याध्यापिका, आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणायचो, मूळच्या नागपूरच्या. एकट्या राहायच्या, कुणाशी फार बोलायच्या नाहीत. मी कधी त्यांच्याजवळ घरातलं बोलले नव्हते. त्या दिवशी खुर्चीत बसले आणि सगळं सांगितलं, रडत नव्हे, ओरडतच. त्यांनी ऐकून घेतलं.

"त्यानं नोकरीचं विचारलं होतं ना?" त्या म्हणाल्या.

"हो. पण मी राजीनामा देणार म्हणाले."

"कुणी सांगितलं द्यायला? बिनपगारी रजा मागा. जागा राखून ठेवू."

"दोन वर्षं?"

"मी ठेवीन. मंडळाला विचारावं लागेल, ते बघू."

मंडळ म्हणजे शाळा चालवणारी पाच-सहा प्रतिष्ठित मंडळी. अध्यक्षांची कापसाची जिनिंग फॅक्टरी होती. बैठकीला मलाही बोलावलं. अध्यक्षांनी माझा अर्ज वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आणि परत नाही आल्या तर?"

पुन्हा. मुंबईत तेच, इथे तेच. मला वाटलं, आता माझ्या तोंडून काय निघेल ते निघो. पण मोठ्या बाई आधी बोलल्या. "आजपर्यंत या शाळेतले तीन मास्तर न सांगता सोडून गेले. त्यांना नेमताना हा प्रश्न कुणी विचारला होता?"

पण मंडळ ते मंडळच. रजा मंजूर झाली, अट घालून: परत आल्यावर तीन वर्षं इथेच शिकवायचं, तसं लिहून द्यायचं. मी लिहून दिलं. दोन वर्षं शिकायला तीन वर्षांची दावण. मोठ्या बाई बाहेर येऊन म्हणाल्या, "चिडू नका. त्या साहेबाला दाखवायला हेच उपयोगी पडेल." तसं पडलंही, आणि म्हणूनच मी जास्त चिडले.

दुसऱ्यांदा मुंबईला निघाले तेव्हा बाबा आले नाहीत. कचेरीतल्या त्या दिवसापासून ते माझी नजर टाळत होते. आई म्हणाली, "मी येते." आई अकोल्याच्या पुढे कधी गेली नव्हती. दादा म्हणाला, "तू जाऊन काय करशीन?" आई म्हणाली, "बसीन." एवढंच बोलून तिनं गाठोडं बांधलं.

तोच अधिकारी. त्यानं मला ओळखलं की नाही कोण जाणे. रजेचा ठराव वाचला, लिहून दिलेली अट वाचली, आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा जरा सैल झाला. "हे चांगलं आहे," म्हणाला. मग जुना कागद बघून विचारलं, "गेल्या खेपेला जमिनीचं बोलणं झालं होतं. त्याचं काय झालं?"

मला नुसतं 'नाही' म्हणता आलं असतं. व्हिसा जवळजवळ हातात होता. पण मी म्हणाले, "नाही झालं. होणारही नव्हतं. आमच्याकडे जमीन मुलींच्या नावावर नसते. घर नसतं. तुम्ही ज्याला पुरावा म्हणता ते सगळं पुरुषांच्या नावावर असतं. तुमचा नियम लावला तर माझ्या तालुक्यातली एकही मुलगी परत येणारी ठरणार नाही, आणि प्रत्येक मुलगा ठरेल."

तो म्हणाला, "नियम मी केलेला नाही."

"माझ्या भावानंही केलेला नाही," मी म्हणाले. "तोही हेच म्हणेल."

त्याच्या कपाळावर आठी पडली. मला वाटलं, गेलं. थोडा वेळ तो कागद चाळत राहिला. मग खालच्या मानेनं म्हणाला, "पासपोर्ट ठेवून जा. परवा घेऊन जा." माझ्या बोलण्याचा त्याच्यावर काही परिणाम झाला, असं मी म्हणणार नाही. तीन वर्षांच्या दावणीचा झाला.

बाहेर आई भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. मी सांगितल्यावर तिनं विचारलं, "देल्ला?" मी हो म्हणाले. ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "चाल मंग, भूक लागली."

तिथली दोन वर्षं कामात गेली आणि त्याबद्दल मला तक्रार नाही. प्राध्यापक चांगले होते, काम मनासारखं होतं. पण विद्यार्थी म्हणून आमचं तिथलं असणंही दोरीवर वाळत घातल्यासारखं. पत्ता बदलला की कळवा. तास कमी घेतले तर परवानगी संपली. सुट्टीत बाहेर काम केलं तर परवानगी संपली. मधे घरी जाऊन यायचं म्हटलं तर व्हिसा एकाच खेपेचा. पुन्हा पहिल्यापासून सगळं सिद्ध करायचं. दुसऱ्या हिवाळ्यात आई आजारी असल्याचं पत्र आलं. मी दोन दिवस हिशेब घालत बसले: गेले आणि पुन्हा व्हिसा नाकारला तर प्रबंध अर्धाच राहील. मी गेले नाही. आई बरी झाली, पण ती बरी झाली नसती तर हे मी कुणाच्या नावावर लिहिलं असतं? मी परत जाईन की नाही याची ज्यांना इतकी काळजी, त्यांच्याच नियमानं मला आईला भेटायला परत जाऊ दिलं नाही.

काम संपलं तेव्हा प्राध्यापक म्हणाले, राहा अजून, परवानगी बदलून घेता येईल, मी लिहितो. मी नको म्हणाले. शाळेला लिहून दिलं होतं म्हणून नाही, त्या अधिकाऱ्याला खरं करून दाखवायचं म्हणूनही नाही. मला परत यायचं होतं. आमच्याकडची काणी आमच्याकडे होती. एवढं साधं कारण आजवर कुणाला पटलेलं नाही.

एकोणसाठच्या उन्हाळ्यात घरी आले. दादा ओसरीवर होता. त्यानं सामान उचलायला गडी बोलावला, पाणी मागवलं, आणि मग विचारलं, "काहून आली परत? लोक तर म्हनत होते, तिकडंच राह्यन."

"तुले काय वाटत होतं?"

"मले बी तेच वाटत होतं." तो अगदी सहज बोलला. त्या सहजपणातच मला समजलं की मी परत न येण्यावर घरात केव्हापासून बेत ठरून गेले होते. माझ्या खोलीत सरकीची पोती होती. नाल्याकडच्या वावरात त्यानं विहीर खणायला घेतली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे चहाला बसले असताना मी सांगितलं, "बाबा, मी आता इथेच राहणार हाये. कायद्यानं माहा जो हिस्सा निघन, थो मी घेनार. आत्ताच सांगून ठेवते, मंग कोनी म्हनू नये का सांगतलं नाई."

काका कप ठेवून उठून गेले. दादा लाल झाला. बाबा बराच वेळ बशीत फुंकत राहिले. शेवटी म्हणाले, "तिकडं जाऊन हेच शिकली का?"

"नाही बाबा," मी म्हणाले. "हे इथंच शिकली."

बाबांच्या हयातीत मी पुन्हा विषय काढला नाही. वाशीमला खोली घेतली, शाळेची तीन वर्षं पुरी केली, मग कॉलेजात गेले. बाबा गेल्यावर वर्षभरानं वकील केला. तलाठ्यापासून सगळ्यांनी समजावलं, भावाशी वैर कशाला. दादानं आईला मधे घातलं. आई त्याला म्हणाली, "मी काय सांगू? तिले तिचं देऊन टाक." अखेर माझ्या वाटणीला नाल्याकडचं वावर आलं, आणि त्याला लागून काळ्या जमिनीची एक पट्टी. सातबाऱ्यावर नाव लावताना तलाठ्यानं नवऱ्याचं नाव विचारलं. नवरा नाही म्हटल्यावर तो लेखणी उचलून बसून राहिला, जणू त्याशिवाय पुढची ओळ लिहिताच येत नाही.

मी तिथे ज्वारी लावते. दादाचं वावर शेजारीच आहे. तो आता म्हातारा झालाय, तरी पेरणीच्या आधी रोज सकाळी काठी टेकत येतो, माझ्याकडे न बघता धुऱ्यावरून, म्हणजे आमच्या दोघांमधल्या बांधावरून, जातो. त्याची माणसं नांगरताना दरवर्षी तो धुरा वीतभर माझ्या बाजूला सरकवतात. मी दरवर्षी गडी लावते, स्वतः उन्हात उभी राहते आणि तो होता तिथे परत घालून घेते.